उशिरा येणारे न्यूट्रॉन



युरेनियम-२३५ न्यूट्रॉन गिळतो, फुटतो आणि दोन-तीन न्यूट्रॉन सोडतो, हे आपण शाळेत घोकलं. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. मग १९६९ साली सुरू झालेली तारापूरची अणुभट्टी ताब्यात ठेवली कशी? नियंत्रक दांडे हलायलाही वेळ लागतोच ना! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असले प्रश्न छळतात.

हजारांतले जेमतेम साडेसहा न्यूट्रॉन मागे रेंगाळतात. फुटलेल्या तुकड्यांतल्या ब्रोमीन-८७चं अर्धायुष्य सुमारे ५५ सेकंद. बीटा कण सोडून तो क्रिप्टॉन होतो. कधीकधी त्यात इतकी ऊर्जा उरते, की एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. या रेंगाळणाऱ्यांशिवाय साखळी पुरी होऊ नये, अशीच भट्टी चालवतात. नाहीतर दांडे सरकेपर्यंत खेळ खलास.

प्रार्थनेला उशिरा येणाऱ्यांनी आत्ता टाळ्या वाजवू नयेत.