हरळी मरत नाही, पण आपण तिला भाजतो

 

आज विषय ऐकून तुम्ही हसाल. आज बोलायचंय लॉनबद्दल, म्हणजे हिरवळीबद्दल. तुम्ही म्हणाल, आपल्याला कशाला हवं लॉन? पण आता रस्त्यालगत मंगल कार्यालयं झालीत, शाळा-कॉलेजं झालीत. तिथली हिरवळ राखायला माणसं लागतात, आणि ते काम आपल्या गटाला मिळू शकतं. आम्ही ते घेतलं, हातचं घालवलं आणि पुन्हा मिळवलं. तेच सांगते.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. दिवाळीनंतर एका मंगल कार्यालयाचं दहा गुंठ्यांचं लॉन आमच्या गटातल्या सहा जणींनी राखायला घेतलं. हिवाळा बरा गेला. अक्षय तृतीयेला मोठं लग्न होतं. मी म्हटलं, एकदाच अगदी खालून कापू, म्हणजे पुन्हा चक्कर नको. पाच दिवसांत सगळं लॉन पिवळं. घाबरून मी भर दुपारी युरिया फेकायला लावला. वरून पाणीही पुरेसं दिलं नाही. उरलेलं पातंही करपलं. मालकांनी काम काढून घेतलं, महिन्याचे पैसे अडवले. सहा जणींचे कर्जाचे हप्ते थकले. गटाच्या बैठकीत मला उभं राहून सांगावं लागलं, की चूक बायकांची नाही, माझी आहे.

तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अगं, हरळी कधी मरती का? तिला उपटून उपटून जन्म गेला आपला." त्यांनी खुरप्यानं एक काडी उकरली. वरून वाळलेली, पण आत पांढरीशुभ्र, ओली. जूनच्या पावसानंतर ते लॉन हिरवं झालं. आम्ही जाऊन मालकांना दाखवलं. अडवलेले निम्मे पैसे मिळाले, आणि काम पुन्हा आलं. या वेळी मात्र आम्ही शिकून गेलो.

पहिली गोष्ट, कापणी. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही. एरवी दोन बोटं उंची चालेल, उन्हाळ्यात तीन बोटं ठेवायची. उंच गवत स्वतःच्या मुळांवर सावली धरतं, ओल टिकते. मशीनचं पातं धारदार हवं; बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि टोकं पांढरी पडतात.

दुसरी, पाणी. रोज थोडं थोडं शिंपडलं तर मुळं वरवरच राहतात आणि उन्हात भाजतात. आठवड्यातून दोनदा, पहाटे, मुळापर्यंत जाईल असं द्या. भर उन्हाळ्यात आठवड्याला साधारण एक इंच पाणी लागतं. लॉनमध्ये सरळ काठाचे दोन-तीन रिकामे डबे ठेवा, कारंजं सुरू करा आणि डब्यात किती पाणी साठलं ते पट्टीनं मोजा. पाण्याची वेळ झाली का, हे कळायला लॉनवरून चाला. पाय उचलल्यावर गवत पुन्हा उभं राहिलं नाही, तर ते तहानलंय.

पण बायांनो, हिशेब करा. एक गुंठ्याला एक इंच म्हणजे सुमारे अडीच हजार लिटर. दहा गुंठ्यांना पंचवीस हजार, म्हणजे पाच हजार लिटरचे पाच टँकर, तेही दर आठवड्याला! गावात पिण्याचं पाणी टँकरनं येत असेल, तर लॉनला बोअरचं पाणी सोडायला आम्ही नाही म्हणतो. मालकांना आधीच सांगतो, मे महिन्यात लॉन तपकिरी होईल, ते मेलेलं नाही, झोपलंय. पावसानं उठेल.

तिसरी, खत. पाऊस लागला की गुंठ्याला अर्धा किलो युरिया, पानं कोरडी असताना सारखा फेकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. करपत्या उन्हात, पाणी नसताना, अजिबात नाही. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. कच्च्या शेणानं हुमणी येते. ती मुळं खाते, आणि गवत सतरंजीसारखं हातात उचलून येतं.

चौथी, लव्हाळा. वरून ओढला तर गाठ जमिनीत राहते आणि पुन्हा फुटतो. माती ओली असताना खुरप्यानं गाठीसकट काढा. आणि लग्न उरकलं की गालिचे त्याच रात्री उचला. खाली दाबलेलं गवत दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उकडतं.

नवीन लॉन लावायचं तर जून-जुलैमध्ये. वीतभर खोल खणून, तण वेचून, जमीन सपाट करा. दोन-तीन डोळ्यांच्या हरळीच्या काड्या चार बोटांवर टोचा. जागा उन्हाची हवी. झाडाखाली हरळी धरत नाही, तिथे हट्ट करू नका.

शेवटचं. काम घेताना कागदावर लिहून घ्या: पाणी कोण देणार, मशीन कोणाचं, कापणी किती वेळा, पैसे कोणत्या तारखेला. आम्ही पहिल्यांदा तोंडी बोललो होतो, म्हणून अडवलेले सगळे पैसे मागायला तोंड नव्हतं.

शेतातली हरळी आपली वैरीण, गणपतीला वाहिली की दूर्वा, आणि आता तीच आपली रोजी. उन्हात तग कसा धरायचा, हे तिला कोणी शिकवायला नको. आपण फक्त घाई करायची नाही.