माणसांची फाइल सांभाळणारं काम

माण, खटाव, कोरेगाव, वाळवा, तासगाव, जत, जिथं जिथं आमचा आवाज पोचतोय तिथल्या सगळ्या बचत गटांच्या ताई, आक्का, वहिनी आणि मावश्यांना आम्हा समन्वयक मैत्रिणींचा नमस्कार. लेकी-सुनांनो, आज तुम्हीही जरा कान देऊन ऐका, कारण आजचं बोलणं जास्त करून तुमच्यासाठीच आहे.

गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. पोरगी बी.ए. झाली, टायपिंग झालं, एमएस-सीआयटी झालं, आता पुढं काय? मग कुणीतरी सांगतं, पुण्यात अमकीची मुलगी एचआरला लागली. कुणी म्हणतं, दिल्लीत परदेशी मदतीच्या कचेरीत जागा असतात, पगार चांगला असतो. मग सगळ्या आमच्याकडं बघतात. ताई, हे एचआर म्हणजे नक्की काय काम असतं? आणि परदेशी मदतीची कचेरी म्हणजे काय? आज याच दोन प्रश्नांवर बोलू.

आधी परदेशी मदतीचं बघू. आपल्या भागाला ती काही नवी नाही. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी मिरजेत १८९४ साली दवाखाना उभा केला. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आपल्या सासवांनी थापल्यात. ती भाकरी कशी लागायची ते त्यांनाच विचारा. आणि अगदी आपल्या घरातलं उदाहरण घ्या. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम. त्याच्या तेजस्विनी कार्यक्रमाला आयफाड या संस्थेचं कर्जसहाय्य होतं. ही संयुक्त राष्ट्रांची शेतीविकासाची संस्था आहे आणि तिचं मुख्य कार्यालय इटलीत रोमला आहे. म्हणजे आपल्या लोकसंचालित साधन केंद्राचा धागा पार रोमपर्यंत गेलेला आहे.

असा पैसा नुसता येत नाही, त्याच्यामागं माणसं येतात. मोठ्या देशांच्या मदत संस्था दुसऱ्या देशात आपली कचेरी थाटतात. तिला मिशन म्हणतात. अमेरिकेची यूएसएड ही संस्था १९६१ साली स्थापन झाली आणि तिचं भारतातलं मिशन दिल्लीत होतं. अशा मिशनमध्ये दोन प्रकारची माणसं असतात. एक, त्या देशातून बदलीवर आलेले अधिकारी. ते काही वर्षं राहतात आणि पुढच्या देशात जातात. दुसरी, इथलीच माणसं. हिशेबनीस, गाडीचालक, आरोग्याचे जाणकार, कार्यक्रम बघणारे. साहेब बदलतात, पण ही माणसं वर्षानुवर्षं तिथंच असतात. कुठलं काम कधी सुरू झालं, कुठला कागद कुठं आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं.

या सगळ्या माणसांचा हिशेब ठेवणारी जी असते, ती मनुष्यबळ सहाय्यक. म्हणजे एचआर असिस्टंट.

तिचं काम कुठून सुरू होतं? माणूस यायच्या आधीपासून. एखादी जागा भरायची ठरली की त्या जागेचं वर्णन लिहावं लागतं. काम काय, शिक्षण किती, अनुभव किती, कुणाच्या हाताखाली. मग जाहिरात. मग आलेले अर्ज लावून बघायचे, अटीत कोण बसतं आणि कोण नाही ते. इथं साहेबाचा भाचा आणि गाडीचालकाची मुलगी यांचे अर्ज एकाच फूटपट्टीनं मोजायचे असतात. निवड ती करत नाही, निवड समिती करते. पण समितीपुढं कागद नीट ठेवणं तिच्या हातात असतं. एक अर्ज चुकून बाजूला राहिला तर एका घराचं नशीब बाजूला राहतं.

माणूस रुजू झाला की त्याची फाइल उघडते. नेमणूकपत्र, जन्मतारखेचा दाखला, शिक्षणाचे कागद, बँक खातं, विमा, वारसाचं नाव. मग दर पंधरवड्याला किंवा महिन्याला हजेरी, रजा, जादा कामाचे तास. परदेशी कचेरीत आणखी एक गंमत असते. सुट्ट्या दोन्ही देशांच्या असतात. अमेरिकन दूतावासाच्या यादीत १५ ऑगस्टही असतो आणि ४ जुलैही. आपल्या माणसांचे पगार इथल्या बाजारात तशा कामाला काय मिळतं ते बघून ठरतात. म्हणजे तिला दोन देशांचे नियम ठाऊक असावे लागतात, आणि तिसरी गोष्ट म्हणजे तोंड बंद ठेवावं लागतं. कुणाला पगार किती, कोण आजारी आहे, कुणाच्या घरी काय चाललंय, हे सगळं तिच्या कपाटात असतं. ते कपाटातच राहायला हवं. गावात राहणाऱ्या बाईला हे किती अवघड आहे, ते आपण जाणतोच!

आता २०२५ साल आठवा. २० जानेवारीला अमेरिकेच्या नव्या सरकारनं परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली. पुढं एक एक काम बंद होत गेलं आणि १ जुलै २०२५ ला यूएसएडचं स्वतंत्र कामकाज संपलं. जगभरात हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्यात त्या त्या देशातली स्थानिक माणसंही होती, ज्यांनी कित्येक वर्षं तिथं काढली होती. बातमीत पैशाचे आकडे आले, राजकारण आलं. आम्ही मात्र त्या फाइली सांभाळणाऱ्यांचा विचार करत होतो. कचेरी बंद होते तेव्हा बाकीच्यांचं काम थांबतं आणि या टेबलावरचं वाढतं. शेवटचा पगार, उरलेल्या रजेचे पैसे, अनुभवाचं पत्र, विम्याची मुदत. दुसऱ्यांची पत्रं तयार करता करता त्या गठ्ठ्यात स्वतःचंही पत्र निघू शकतं.

आणि अशा वेळी ज्याची फाइल पुरी असते, तो दुसरीकडं उभा राहू शकतो. ज्याची अर्धी असते, त्याला आपण तिथं काम केलं होतं हे सिद्ध करण्यातच वर्ष जातं.

मैत्रिणींनो, आता तुम्ही म्हणाल, दिल्लीचं आम्हाला काय सांगता? सांगतो. दुष्काळाच्या कामावर खडी फोडलेल्या आजींना विचारा. सगळ्यात महत्त्वाची वस्तू कुठली होती? टिकाव नव्हे, पाटी नव्हे. मस्टर. मस्टरवर नाव चढलं तर दिवस भरला, नाही चढलं तर घाम फुकट गेला. मागेल त्याला काम, ही रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास आपल्याच तासगाव तालुक्यात राबवून बघितली. पुढं तिचा राज्यात कायदा झाला, १९७७ साली. ते मस्टर म्हणजे आपल्या गरीब माणसांची पहिली फाइल. ते लिहिणारा कारकून चोख असेल तर चूल पेटायची.

आज मस्टर संगणकात गेलंय, पण गोष्ट तीच आहे. तासगावकडच्या द्राक्षांच्या पॅकिंगला, कुपवाड, शिरवळ आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत आपल्या किती बायका जातात! त्यातल्या किती जणींकडं नेमणूकपत्र आहे? आम्ही आमच्या गटांत विचारलं तर हात थोडेच वर आले.

एका ताईंचं सांगतो. नाव सांगत नाही, कारखान्याचंही नाही. पॅकिंगमध्ये ६ वर्षं काम केलं. पगारातून भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, कापला जात होता. काम सुटलं, पैसे काढायला गेल्या तर अर्ज परत आला. का? पीएफमध्ये नाव माहेरचं, आधारवर सासरचं. एकीकडं वडिलांचं नाव मधे, दुसरीकडं नवऱ्याचं. संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका! मालक आणि कामगार दोघांच्या सह्यांचं संयुक्त घोषणापत्र द्यावं लागलं. त्या सहीसाठी त्यांनी कितीतरी हेलपाटे घातले. शेवटी पैसे मिळाले. पण त्या मधल्या महिन्यांत मुलीची कॉलेजची फी गटाच्या कर्जातून भरावी लागली आणि त्याचं व्याज त्यांनी सोसलं. कचेरीत बसलेल्या एकीनं लग्नानंतर एवढंच विचारलं असतं, की ताई, नाव बदललं का? तर हे सगळं टळलं असतं.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. कागद-पेन्सिल जवळ असेल तर टिपून घ्या.

पहिली, नेमणूकपत्र मागा. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात कामगाराला नेमणूकपत्र देण्यावर भर आहे. तोंडी बोलण्यावर राहू नका.

दुसरी, पीएफ. साधारण २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो. तुमच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून १२ टक्के कापले जातात आणि मालकही १२ टक्के घालतो. त्यातला काही भाग पेन्शनला जातो. पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. म्हणून नोकरी बदलली की लगेच पैसे काढून मोकळं होऊ नका, जुनं खातं नव्याला जोडून घ्या. तुमचा यूएएन क्रमांक जन्मभर एकच राहतो. उमंग ॲपवर पासबुक दिसतं. पगारातून कापलेलं खरंच भरलं जातंय का, ते तीन महिन्यांतून एकदा बघा.

तिसरी, वारसाचं नाव. लग्नाआधी पीएफला केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर चालत नाही. नवीन करावं लागतं. हे कितीतरी जणींना ठाऊकच नसतं.

चौथी, बाळंतपणाची रजा. कायद्यात बसणाऱ्या नोकरीत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. २०१७ पासून हा नियम आहे.

पाचवी, त्रासाची तक्रार. १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. साताऱ्यातही आणि सांगलीतही. घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते.

आता लेकींनो, तुमच्याकडं वळू. हे काम आपल्याला जमेल का? जमेल. बी.ए. चालतं. पण नुसतं प्रमाणपत्र नको. एक्सेलमध्ये हजेरीचा तक्ता मांडता यायला हवा. मराठीत आणि इंग्रजीत चार ओळींचं स्वच्छ पत्र लिहिता यायला हवं. आणि सुरुवात दिल्लीला जाऊनच करायला पाहिजे असं नाही. आपल्या ग्रामसंघाची, प्रभागसंघाची, साधन केंद्राची माणसांची फाइल नीट लावून द्या. सीआरपी ताईंचं मानधन कधी जमा झालं, सहयोगिनीची रजा किती उरली, हे लिहून ठेवा. एक वर्ष हे चोख केलंत की मुलाखतीत सांगायला तुमच्याकडं खरं काहीतरी असेल. कर्मवीर अण्णांच्या मातीत कमवा आणि शिका हे कुणी वेगळं सांगायला नको.

एक सावधगिरी मात्र बाळगा. परदेशी मदतीच्या संस्थेत, दूतावासात, संयुक्त राष्ट्रांत नोकरी लावतो म्हणून फोन येतात. फॉर्मचे पैसे, वैद्यकीय तपासणीचे पैसे, अनामत रक्कम मागतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था भरतीच्या कुठल्याच टप्प्यावर पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की समजा, नोकरी नाही. आणि प्रत्यक्ष परदेशात कामाला न्यायला कुणी एजंट आला तर त्याची सरकारी नोंदणी आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा. जमिनीच्या तुकड्यावर किंवा गटाच्या कर्जावर असल्या माणसाला एक रुपया देऊ नका. गटात येऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

या आठवड्याच्या बैठकीसाठी एक काम देतो. कामाला जाणाऱ्या प्रत्येकीनं एक साधी फाइल घेऊन यायचं. त्यात आधार, बँक पासबुक, नेमणूकपत्र असेल तर ते, शेवटची पगाराची चिठ्ठी आणि यूएएन क्रमांक. चारही ठिकाणी नाव सारखं आहे का, ते शेजारणीनं वाचून बघायचं. शिकलेल्या लेकीनं गटाच्या वहीत नोंद करायची, कुणाचं काय कमी आहे. ज्यांची नावं जुळत नाहीत, त्यांना आधी घेऊ. पुढच्या बैठकीला आम्ही येतोय, अर्ज कसा भरायचा ते बसून दाखवू. जिला लिहिता येत नाही तिनं लाजू नये, तिचा अर्ज आम्ही लिहू, सही किंवा अंगठा तिचा.

तर मैत्रिणींनो, वही काढा, फाइल लावा. पुढच्या भागात बोलू गटाच्या विमा हप्त्यांबद्दल. नमस्कार.