काचेच्या दर्शनी भिंतीमागचा धातू

साकोलीत महामार्गालगत काचेच्या दर्शनी भिंतीची इमारत उभारायची असेल, तर काचेआधी तिला धरणाऱ्या धातूचा विचार करा. या भिंतीवर छताचा भार नसतो; वारा, पाऊस आणि ऊन मात्र तिलाच झेलायचं असतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, उन्हातला धातू त्याहून कितीतरी जास्त तापतो. अ‍ॅल्युमिनियमचा तीन मीटरचा सेक्शन, म्हणजे चौकटीचा दांडा, ५० अंशांच्या फरकाने सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढतो. काच त्याच्या निम्मीही वाढत नाही. जोडात फट ठेवली नाही, तर सेक्शन वाकतो, काच तडकते, सील सुटतं. अ‍ॅल्युमिनियम हलकं, गंजाला दाद न देणारं, म्हणून तेच बहुतेक ठिकाणी वापरतात. मात्र ते उष्णता झपाट्याने आत आणतं. आतल्या-बाहेरच्या भागांमध्ये उष्णता अडवणाऱ्या पॉलिअमाइड प्लास्टिकची पट्टी असलेला सेक्शन महाग असला, तरी मला इथे तोच योग्य वाटतो. लोखंडी ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकवू नका. ओल लागली की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच.

काचेखेरीजच्या भागासाठी एसीपी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये गाभा असलेला पत्रा, घेताना तो गाभा कशाचा, हे आवर्जून विचारा. २०१७ साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये पॉलिथिलीन गाभ्याच्या पत्र्यांनी आग पसरवली. ७२ माणसं गेली.