‘मला काय कळतंय?’ हे म्हणणं सोडू या

हातातलं काम चालू राहू द्या. ऐकता ऐकता भाजी निवडून होईल, चूल पेटवून होईल. आज औषधाबद्दल थोडं आणि आपल्या मनातल्या समजुतींबद्दल जास्त बोलू. आपण कशाला खरं मानतो, यावर आपण आजारपणात काय करतो हे ठरतं. आणि काय करतो यावर पुष्कळदा जीव वाचतो किंवा जातो.

आपल्या जामखेडचीच गोष्ट घ्या. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मॅबेल आरोळे हे नवरा-बायको इथे आले. दोघं वेल्लोरच्या मोठ्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. तालुका दुष्काळी, रस्ते धड नाहीत, लोक पोटासाठी ऊसतोडीला जाणारे. दवाखाना काढून गावं निरोगी होत नाहीत, हे त्यांच्या लवकर ध्यानात आलं. म्हणून गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिला आरोग्याचं काम शिकवायचं, असं ठरलं. या बायांपैकी पुष्कळ जणी कधी शाळेत न गेलेल्या, कितीतरी दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या.

त्या प्रशिक्षणाची एक आठवण अजून सांगतात. बायांना विचारलं, “हुशार कोण? बाई की उंदीर?” बायांनी उत्तर दिलं, “उंदीर.”

हसू येतं ना? पण जरा थांबा. लहानपणापासून जिला ‘तुला काय कळतंय’ हेच ऐकवलं, ती आणखी काय म्हणणार? म्हणून तिथे पहिला धडा गोळ्यांचा नव्हता. आरशात बघून आपलं नाव घ्यायचं, चार जणींत उभं राहून बोलायचं, हा पहिला धडा होता. नाव म्हणजे ‘अमक्याची आई’ नव्हे, ‘तमक्याची बायको’ नव्हे. स्वतःचं नाव. वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवल्या, एकत्र झोपल्या. जी स्वतःलाच उंदरापेक्षा कमी मानते, तिचं गावाने का ऐकावं? आधी तिचं तिच्याबद्दलचं मत बदललं, मग गाव बदलायला लागलं.

किती बदललं? प्रकल्पाच्या नोंदी सांगतात, १९७१ च्या सुमारास या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावायची. १९९० नंतरच्या काळात हा आकडा पंचविशीच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्यामागे काम होतं ते घरोघर जाऊन बोलणाऱ्या बायांचं.

आता त्या समजुती कोणत्या होत्या, ते बघा. काही अजून आपल्या घरात आहेत.

पहिली: पोटुशी बाईने कमी खावं, नाहीतर बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. ही समजूत मूर्खपणातून आलेली नाही. दवाखाना दूर, अडलेली बाई डोळ्यांसमोर गेलेली, त्या भीतीतून ती आलेली आहे. पण पोटाला कमी पडलं की आईच्या अंगात रक्त राहत नाही, बाळ कमी वजनाचं जन्मतं आणि दोघांचा जीव धोक्यात येतो.

दुसरी: बाळंतिणीचा पहिला चीक घाण असतो, तो पिळून टाकायचा. खरं तर तो पिवळसर, घट्ट चीक म्हणजे बाळाची पहिली लसच. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी धरावं.

तिसरी: लेकराला जुलाब लागले की पाणी तोडायचं. इथे तर जीवच जातो. जुलाबात लेकरू मरतं ते अंगातलं पाणी संपून. तुळशीच्या रोपाला चार दिवस पाणी घालू नका, कसं माना टाकतं? लेकराची टाळू खोल जाते, डोळे आत जातात, ते तेच असतं. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला आणि घोट घोट पाजत राहा. अंगावरचं दूध बंद करू नका. आशाताईकडून ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या घ्या. लेकरू मलूल पडलं, काही पिईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका.

चौथी: कुष्ठरोग म्हणजे पापाचं फळ. असं मानलं की माणूस चट्टा लपवतो आणि लपवता लपवता बोटं जातात. तो जंतूचा आजार आहे, सरकारी दवाखान्यात फुकट औषध आहे आणि तो पूर्ण बरा होतो. पाप म्हटलं की लपवणं आलं, जंतू म्हटलं की औषध आलं.

या समजुती बदलल्या कशा? कुणाला हसून नाही. सासूबाईंना ‘तुम्ही अडाणी’ म्हटलं की दार बंद. त्याच गावातल्या, त्याच बोलीतल्या बाईने करून दाखवलं, लेकरू वाचलेलं सगळ्यांनी पाहिलं, तेव्हा पटलं.

आता आपल्या मनावरच्या भाराकडे येऊ. ‘बाईच्या जातीने सोसायचंच असतं’ ही सगळ्यात खोल रुजलेली समजूत. कर्ज, पाऊस नाही, नवऱ्याची दारू, लेकीच्या लग्नाची काळजी, सगळं गिळायचं. पण अंग ते विसरत नाही. सततच्या ताणाने झोप उडते, छाती धडधडते, पित्त होतं, डोकं ठणकतं, रक्तदाब वाढतो. मग कुणी म्हणतं बाहेरची बाधा आहे, कुणी म्हणतं नाटकं करते.

काही जणींच्या अंगात येतं. त्याबद्दल चेष्टेने बोलू नका. जरा विचार करा, अंगात आल्यावर अख्खं घर तिच्यापुढे हात जोडून ऐकतं. एरवी तिचं कोण ऐकतं? तिला शांतपणे विचारा, “बाई, तुला काय सलतंय?” पण भूत काढायच्या नावाखाली तिला मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र टाकत बसणं, हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे.

आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा. सगळं मनाचंच असतं असं नाही. ‘मन घट्ट कर, बरी होशील’ असं आजारी बाईला सांगितलं की दुखणं तर राहतंच, वर ‘माझंच मन कच्चं’ हा दोष डोक्यावर बसतो. छातीत दुखणं, धाप लागणं, अंगावरून जास्त जाणं, स्तनात गाठ लागणं, यांना आधी डॉक्टर. जीव नकोसा वाटणं हेसुद्धा आजाराचं लक्षण आहे, लाजेचं कारण नाही. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही.

येत्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले की अर्धा तास ठेवा. गोल बसा. प्रत्येकीने आधी स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं. मग तीन प्रश्न. आजारपणाबद्दल आमच्या घरात काय मानतात? त्याने कुणाचं भलं झालं, कुणाचं नुकसान? आणि मी शेवटची पोटभर कधी जेवले, शेवटची स्वतःसाठी दवाखान्यात कधी गेले? उत्तरावर कुणी हसायचं नाही आणि ते बैठकीबाहेर न्यायचं नाही. जिचं उत्तर काळजीचं वाटेल, तिच्याबरोबर दुसऱ्या दिवशी एकीने दवाखान्यात जायचं. एवढं एक ठरलं, तरी बैठक कामी आली.

‘मला काय कळतंय’ असं पुढच्या वेळी तोंडात आलं, तर तिथेच थांबा. लेकराचं अंग तापलंय हे थर्मामीटरच्या आधी तुमच्या हाताला कळतं. घरात दाणा किती दिवस पुरेल हे तुम्हालाच कळतं. ज्यांना अक्षर येत नव्हतं, त्या जामखेडच्या बायांनी गावातली लेकरं वाचवली. तुम्हाला पुष्कळ कळतं.

काळजी घ्या, स्वतःचीसुद्धा. राम राम.