पोमाक बायका आणि त्यांची नावं

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



जेवणानंतरचं सत्र माझ्याकडे दिलंय, म्हणजे डुलक्यांचं सत्र. त्यामुळे कुणाला झोप लागली तर मी रागावणार नाही. विषय दिलाय 'अल्पसंख्याक स्त्रिया आणि राज्यसंस्था'. सकाळी तलाक, पोटगी, समान नागरी कायदा यावर जी वादावादी झाली ती ऐकली आणि ठरवलं की आपण जरा लांबचं उदाहरण घेऊ. आपल्याकडचं काही काढलं की पाच मिनिटांत आपण आपापल्या बाजू घेऊन बसतो. लांबच्या बायकांबद्दल निदान आधी ऐकून तरी घेतो.

तर बल्गेरिया हा देश डोळ्यांसमोर आणा. त्याच्या दक्षिणेला रोडोपी नावाचा मोठा डोंगराळ मुलूख आहे. तो पुढे सीमा ओलांडून ग्रीसमध्ये उतरतो. या डोंगरांत पोमाक नावाचा मुस्लिम समाज राहतो. यांची भाषा तुर्की नाही. शेजारचे ख्रिश्चन बल्गेरियन जी बोलतात तीच, डोंगरी वळणाची. बल्गेरियात त्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास असावी असं मानतात. नेमकी कशी कळणार? जनगणनेत त्यांच्या नावाचा रकानाच नाही. सरकारदरबारी ते बराच काळ 'बल्गेरियन मोहमेदन' होते. आज त्यांच्यातलेच काही स्वतःला बल्गेरियन म्हणवतात, काही तुर्क, काही नुसतं पोमाक.

या डोंगरातलं एक गाणं मात्र फार दूरवर गेलंय. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानं अंतराळात सोडली, त्यांच्यावर पृथ्वीवरच्या संगीताची एक तबकडी ठेवली. त्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे तुम्हाला माहीत असेल. त्याच तबकडीवर वाल्या बाल्कान्स्का या रोडोपीतल्या गायिकेचं एक लोकगीत आहे. देल्यो नावाच्या बंडखोराचं. तो गावच्या अंमलदारांना बजावतो की माझ्या नात्यातल्या दोन बायका या गावात आहेत, त्यांना तुर्क करायचं नाही. म्हणजे गाणं बंडखोराचं, पण पणाला लागल्यात त्या बायका. त्या दोघींचं स्वतःचं म्हणणं काय होतं हे काही गाण्यात येत नाही. माझं आजचं बोलणं एवढ्याच धाग्यावर आहे.

हे लोक मुसलमान कधी झाले? ऑटोमन सत्ता तिथे चौदाव्या शतकात आली. बल्गेरियन शाळकरी मुलाला विचारलंत तर तो सांगेल, तलवारीच्या धाकानं बाटवले. त्यासाठी एका जुन्या बखरीचा दाखला दिला जायचा. ती बखर एकोणिसाव्या शतकात रचलेली बनावट असल्याचं पुढे बल्गेरियन अभ्यासकानंच दाखवून दिलं. ऑटोमनांच्या करवसुलीच्या वह्या बघितल्या तर दिसतं की धर्मांतर घराघरानं, दोन-तीन शतकं, सावकाश होत गेलं. मुसलमानाला जिझिया नाही, हे त्याचं एक मोठं कारण. पण बाटवल्याची गोष्ट राज्यकर्त्यांना सोयीची होती. 1964 साली त्यावर अंतोन दोन्चेव यांची कादंबरी आली, 1988 साली चित्रपट आला. दोन्ही वेळा पोमाकांच्या किंवा तुर्कांच्या नावांवर सरकारचा हात होता, हा योगायोग नाही. 'यांना आम्ही काही नवीन करत नाही, मूळ घरी परत आणतोय' असं एकदा म्हटलं की सगळंच माफ असतं. परत आणण्याची ही भाषा आपल्याही कानाला ओळखीची आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी वकिली करतेय असं होईल. 1876 साली बल्गेरियनांनी ऑटोमनांविरुद्ध उठाव केला तेव्हा बाताक गावात हजारो ख्रिश्चनांची कत्तल झाली, बायकामुलं धरून. ती करणाऱ्यांत शेजारच्या पोमाक गावांतले पुरुष होते. बल्गेरियन माणूस हे विसरलेला नाही. पण त्याची किंमत पुढे ज्यांनी मोजली त्यांच्यातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

आता नावांकडे येते. 1910 साली मधल्या रोडोपीतल्या एखाद्या गावात जन्मलेली एक मुलगी कल्पनेनं धरूया. तिचं नाव आयशे. 1912 साली बाल्कन युद्ध सुरू झालं, बल्गेरियन सैन्य डोंगरात आलं आणि पाठोपाठ पाद्री. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या वसंतात गावंच्या गावं बाटवली गेली. पुरुषांच्या डोक्यावरचा फेज जाऊन टोपी आली, बायकांचे बुरखे काढले गेले, प्रत्येकाला ख्रिश्चन नाव मिळालं. आयशे दोन-तीन वर्षांची, तिलाही मिळालं. 1913 संपता संपता सरकार बदललं. नव्या सरकारला मुसलमानांची मतं हवी होती, तुर्कस्तानशी जमवून घ्यायचं होतं. त्यानं जुनी नावं परत घेऊ दिली. आयशे पुन्हा आयशे. 1937 साली स्मोल्यान गावात 'रोदिना' म्हणजे 'मायभूमी' नावाची संघटना निघाली. सुशिक्षित पोमाक तरुणच तिच्यात पुढे होते. बुरखा सोडा, बल्गेरियन नावं घ्या असा त्यांचा प्रचार. सुरुवात समाजसुधारणेची होती, पण 1942 साली नावं बदलण्याचा कायदा झाला आणि मग ऐच्छिक काही उरलं नाही. बत्तीस वर्षांच्या आयशेला तिसरं नाव. 1945 साली नव्या राजवटीनं जुनी नावं परत केली. आणि 1970 ते 1974 या काळात त्याच कम्युनिस्ट राजवटीनं ती पुन्हा काढून घेतली. 1990 साली कायद्यानं परत मिळाली, तेव्हा आयशे जिवंत असेल तर ऐंशी वर्षांची. हिशेब करा. एका बाईचं नाव सहा वेळा बदललं.

शिवाय तिकडे बाईच्या नावात बापाचं आणि बहुधा आजोबाचंही नाव असतं. म्हणजे जिवंत मुलीचं नाव बदलायचं तर मेलेल्या आजोबाचंही बदलावं लागे. सरकारी दप्तरात मृतांची नावं खरोखरच बदलली गेली.

इथे मला माझं आठवतं. लग्नात माझं पाळण्यातलं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळे हसले, पेढे वाटले. पुढे एका बँकेनं शाळेचा दाखला एका नावाचा आणि शिधापत्रिका दुसऱ्या नावाची म्हणून मला वर्षभर खेटे घालायला लावले. मी तुलना ताणत नाही. माझ्या दारात शिपाई उभे नव्हते. पण मला कुणी विचारलं नव्हतं, हे मात्र खरं.

आता कपडे. हे जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या कामाशी त्याचा जास्त संबंध आहे.

पोमाक बायका रोडोपीच्या उतारांवर तंबाखू पिकवतात. पहाटे अंधारात पानं खुडायची, दिवसभर बसून मोठ्या सुईनं ती दोऱ्यात ओवायची, माळा सुकायला टांगायच्या. आपल्याकडच्या विडी कामगार बायकांना हे बोटांचं दुखणं सांगावं लागणार नाही. या कामाला सैल शलवार सोयीची, वाकता येतं, बसता येतं. बल्गेरिया एके काळी जगातल्या मोठ्या सिगारेट निर्यातदारांपैकी एक होता, आणि त्या सिगारेटींमागे शलवार घातलेल्या बायका होत्या. पण 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारनं ठरवलं की फेरेजे हा वरून घ्यायचा काळा झगा आणि शलवार म्हणजे गुलामीची खूण. सभा झाल्या, बायकांना व्यासपीठावर बोलावून झगे उतरवले गेले. शिवणवर्ग निघाले, स्वस्तात कापड दिलं, जुने झगे उसवून फ्रॉक शिवायला शिकवले. ज्या ऐकेनात त्यांना शलवारीत बसमध्ये चढता येईना, दुकानात माल मिळेना. हे सगळं स्त्रीमुक्तीच्या नावानं चाललं होतं. घोषणा वाचल्या तर आपल्याच वाटतात. बोलणाऱ्या कार्यकर्त्याही बायकाच होत्या, आणि त्यांच्यातल्या कितीतरी मनापासून बोलत असतील. याच राजवटीनं या डोंगरांत शाळा आणि दवाखाने नेले, पोमाक मुली शिक्षिका आणि नर्स झाल्या, हेही खोटं नाही. म्हणूनच हे प्रकरण मला अस्वस्थ करतं. नुसता जुलूम असता तर बाजू घेणं सोपं होतं.

कापडानंतर नावं आली. 1964 साली रिब्नोवो गावानं नावं बदलायला आलेल्या अधिकाऱ्यांना घालवून दिलं आणि त्या वेळी सरकारला माघार घ्यावी लागली. 1973 च्या जानेवारीत कोर्नित्सा गावचे लोक चौकात येऊन बसले. थंडीत शेकोट्या पेटवून बायका, पुरुष, मुलं रात्रंदिवस पहारा देत राहिली, कित्येक आठवडे. 28 मार्चच्या पहाटे पोलीस आणि सैन्य आलं. माणसं मारली गेली, कित्येक तुरुंगात गेली, कित्येक कुटुंबं उत्तरेकडच्या अनोळखी गावांत नेऊन टाकली. बाकीच्यांवर गोळी झाडायची गरज नव्हती. नवं ओळखपत्र नाही तर पगार नाही, पेन्शन नाही. घर चालवणारी बाई किती दिवस तग धरणार?

1984-85 च्या हिवाळ्यात पाळी तुर्की भाषा बोलणाऱ्यांची आली. आठ लाखांहून जास्त माणसांची नावं काही आठवड्यांत बदलली. एका निदर्शनात आईच्या कडेवरची दीड वर्षाची तुर्कान गोळी लागून गेली. तिच्या नावाचं पाणपोईसारखं कारंजं आज तिथे आहे. 1989 च्या उन्हाळ्यात साडेतीन लाखांवर तुर्क देश सोडून तुर्कस्तानात गेले. सरकारनं याला 'सहल' म्हटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झिवकोव पायउतार झाले. 2012 साली बल्गेरियाच्या संसदेनं या सगळ्याचा ठरावानं निषेध केला. त्यासाठी शिक्षा मात्र कुणालाच झालेली नाही.

हे ऐकून आपल्याला वाटतं की राज्यसंस्थेनं अल्पसंख्याकांच्या घरात नाक खुपसलं नाही म्हणजे झालं. म्हणून आता डोंगर उतरून सीमेपलीकडे चला, ग्रीसमध्ये.

1923 च्या लोझान करारानं ग्रीस आणि तुर्कस्ताननं लोकसंख्येची अदलाबदल केली, पण पश्चिम थ्रेसमधल्या मुसलमानांना तिथेच राहू दिलं. त्यांत डोंगरातली पोमाक गावं आली. ग्रीसनं त्यांची नावं बदलली नाहीत. त्याऐवजी पलीकडे कम्युनिस्ट बल्गेरिया म्हणून या गावांभोवती प्रतिबंधित क्षेत्र आखलं. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे जायला-यायला परवाना लागे. मुलं शाळेत तुर्की आणि ग्रीक शिकत, घरची भाषा दोन्हींत नाही. आणि लग्न, तलाक, वारसा मुफ्तींकडे, शरियतप्रमाणे. खुद्द तुर्कस्ताननं 1926 साली शरियत सोडून स्विस धर्तीचा नागरी कायदा आणला. शरियत उरली ती युरोपातल्या या ख्रिश्चन देशात, आणि मुफ्ती नेमायचे ग्रीक सरकारनं.

याच थ्रेसमधल्या मुस्लिम अल्पसंख्याकांतल्या हातिजे मोल्ला साली यांच्या नवऱ्यानं नोटरीसमोर मृत्युपत्र करून सगळी मालमत्ता बायकोला दिली होती. 2008 मध्ये तो वारला. त्याच्या बहिणी कोर्टात गेल्या, म्हणाल्या मुसलमानाला असं मृत्युपत्र करता येत नाही. खालच्या कोर्टांनी विधवेची बाजू घेतली, पण 2013 मध्ये ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयानं तुम्हाला शरियतच लागू असं सांगितलं, आणि तीन चतुर्थांश मालमत्ता गेली. ही बाई थांबली नाही. स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेली आणि 19 डिसेंबर 2018 रोजी जिंकली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की अल्पसंख्याकांना दिलेलं संरक्षण कुणा व्यक्तीवर तिच्या मर्जीविरुद्ध लादता येत नाही. हा निकाल येण्याआधी, त्याच वर्षाच्या सुरुवातीला, ग्रीसनं कायदा बदलून शरियत ऐच्छिक केली होती. दोघांची संमती असेल तरच.

1985 ला शहाबानोचा निकाल आणि 1986 चा कायदा ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं समजावत नाही. पुढे 1995 नंतर आपल्यापैकी अनेक संघटनांनी 'समान नागरी कायदा' ही मागणी त्याच शब्दांत करणं सोडलं, कारण ते शब्द कुणाच्या तोंडी गेले होते ते आपण बघत होतो. त्यावर आपल्यात भांडणंही झाली. मी स्वतः तेव्हा चुकीच्या बाजूला होते असं आता वाटतं. कोणत्या, ते चर्चेत विचारा.

रिब्नोवोचं एक राहिलं. त्या गावात आज हिवाळ्यात लग्नं होतात. मुलीचा हुंडा, रजया-गालिचे-कपडे, घराबाहेर लाकडी चौकटीवर टांगून गावाला दाखवतात. नवरीचा चेहरा पांढऱ्या रंगानं माखून त्यावर टिकल्यांची नक्षी काढतात, आणि इमामाचा आशीर्वाद होईपर्यंत तिनं डोळे मिटून राहायचं असतं. कम्युनिस्ट काळात दबलेली ही रीत नंतर हौसेनं परत आली. जगभरचे छायाचित्रकार येतात. ज्या गावानं अधिकाऱ्यांना हाकललं त्या गावानं ती जिवापाड जपली तर मला त्यांना दोष देता येत नाही. ते फोटो बघताना तरीही मला त्या मिटलेल्या डोळ्यांचा त्रास होतो, आणि त्रास होतोय म्हणून मी त्या शिवणवर्गवाल्या बायकांच्या रांगेत जाऊन बसतेय का, असंही वाटतं.

सकाळी मागच्या रांगेतल्या आपल्या एका मुस्लिम कार्यकर्तीनं विचारलं होतं, 'तुम्ही आमच्यासाठी भांडता तेव्हा आम्हाला आधी विचारता का?' तेव्हा वेळ नव्हता म्हणून तो प्रश्न तसाच राहिला. मी माझी उरलेली दहा मिनिटं तिला देते. ध्वनिक्षेपक तिच्याकडे द्या.