साथीच्या काळातील मुंबईचे गिऱ्हाईक



जानेवारीत लावलेल्या झेंडूचा हिशेब आपण गुढीपाडव्यावर बांधतो. सन २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, आणि कोरोनामुळे देशभरची टाळेबंदीही नेमकी त्याच दिवशी सुरू झाली. मुंबईची लोकल तर त्याआधीच थांबली होती. गिरगावची शोभायात्रा रद्द झाली. तोडणीला आलेल्या झेंडूचे करायचे काय, हे कोणालाच सुचेना. अनेकांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर घातला.

या नुकसानीचे कारण नीट पाहावे. दादरच्या फूलबाजारातून माल उचलणारे मुख्यतः तिघे: देवळाबाहेरचे हारवाले, लग्नाचे मांडव सजवणारे आणि लोकल पकडण्यापूर्वी फुलांची पुडी घेणारे नोकरदार. हे तिघेही एकाच आठवड्यात नाहीसे झाले. देवळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबरपर्यंत. लालबागच्या राजाच्या मंडळाने २०२० साली मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान घेतले. घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा होती. मूर्ती लहान झाली की हारही लहान होतो.

परळ-लालबागच्या चाळींतील माणसे मात्र जेवतच होती. कित्येकांचे पगार कापले गेले, तरी कांदा, बटाटा, लिंबू, आले यांची पिशवी घरात येत राहिली. खानावळीत खर्च होणारा पैसा घरच्या चुलीकडे वळला.

हापूसला याचाच आधार मिळाला. मे २०२० मध्ये वाशीची बाजार समिती आठवडाभर बंद होती. तेव्हा रत्नागिरी-देवगडच्या काही बागायतदारांनी गाडी थेट सोसायटीच्या फाटकाशी नेली. इमारतीतील एकाने सर्वांची मागणी गोळा करायची, पैसे फोनवरून द्यायचे, अशी पद्धत पडली. पाच डझनांची लाकडी पेटी एका कुटुंबाला जड जाते, म्हणून एक-दोन डझनांचे पुठ्ठ्याचे खोके कामी आले. ऐकायला हे सोपे वाटते. पण गाडीचा परवाना, कच्चे निघालेले फळ आणि डागी फळाची भरपाई हे सारे बागायतदाराच्याच गळ्यात. बाजार सुरळीत झाल्यावर यातील बरेच गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे परत गेले, हेही सांगितले पाहिजे. टिकले ते वेळेवर आणि एकसारखा माल मिळालेले.

फुलाला अशी वाट नाही. चार दिवसांत ते कोमेजते, आणि कोणीही ते पोटासाठी विकत घेत नाही. तेव्हा पुढच्या पाडव्यासाठी झेंडू लावताना सगळे रान एकाच तारखेवर लावू नका. दहा-बारा दिवसांच्या अंतराने लागवड करा आणि निदान काही गुंठ्यांत घरोघरी लागणारा भाजीपाला ठेवा. आंबा उत्पादकांनी मागील हंगामातील गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक वहीत उतरवून ठेवावेत आणि पहिली तोडणी होण्यापूर्वीच त्यांना विचारावे.