रिव्हर्ट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. त्यामुळे भंडाऱ्याहून पुण्याला नोकरीला गेले, तेव्हा इंग्रजीची मला धास्तीच होती. ऑफिसातल्या लोकांची वाक्यं उचलायची आणि तशीच लिहायची. त्यातलंच एक, 'प्लीज रिव्हर्ट'. म्हणजे 'उत्तर द्या', असं मी धरून चालले.

एकदा शांघायच्या एका प्रोग्रामरला मी मेल केला, 'मी कोडमध्ये हा बदल केला आहे. पाहा आणि रिव्हर्ट करा.' दुसऱ्या दिवशी बघते तर माझं सहा दिवसांचं काम काढून टाकलेलं!

मी चिडले. सगळ्यांसमोर म्हणाले, "त्याला इंग्रजी समजत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरी येऊन शब्दकोश उघडला. रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणे; जमीन मूळ मालकाकडे परत जाते, त्यालाही हेच क्रियापद. 'उत्तर देणे' हा अर्थ मुख्यतः आपल्याकडच्या ऑफिसांतला. आणि प्रोग्रामर वापरतात त्या 'गिट'मध्ये तर रिव्हर्ट ही कमांडच आहे, केलेला बदल उलटवण्याची. तोही माझ्यासारखाच, इंग्रजी शिकून आलेला. त्याने शब्द कोशाप्रमाणे वाचला. चूक माझी होती.

आपलं 'परत' घ्या ना. 'पुस्तक परत कर' आणि 'परत सांग'. आपल्याला फरक वाक्यावरून कळतो. नव्याने मराठी शिकणारा मात्र अडखळतो.

गिटमध्ये रिव्हर्ट केल्याने जुनं पुसलं जात नाही. उलटा बदल नवी नोंद म्हणून वर चढतो. म्हणून मी तो रिव्हर्टच रिव्हर्ट केला आणि काम दहा मिनिटांत परत आलं. त्या माणसाबद्दल बोललेला शब्द मात्र परत येईना. दोन दिवसांनी टीमसमोर चूक कबूल केली, त्यालाही माफीचा मेल लिहिला. शेवटी लिहिलं, 'प्लीज रिप्लाय'. त्याचं उत्तर लगेच आलं.

विद्यार्थ्यांनो, क्रियापद एकटं पाठ करू नका, वाक्यासकट शिका. 'रिप्लाय टू माय लेटर', पण 'रिव्हर्ट टू द ओल्ड प्लॅन'. 'रिव्हर्ट बॅक' लिहू नका. 'मागे' हा अर्थ त्या शब्दातच आहे. उत्तर हवं असेल तर सरळ 'रिप्लाय' लिहा.

आणि समजलं नाही तर विचारा. याच शाळेत "सर, परत सांगा" म्हणायला मी कधी लाजले नाही. ऑफिसात मात्र लाजले, आणि तिथेच फसले.